वाढत्या मापाची सायकल

ता. ४ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

मुंगीचं तिमाही माप पोचलं. उंची चार फूट चार, पायाची आतली लांबी तेवीस. आमचा बोगदा अजून डोंगराच्या पोटात अर्ध्यावर अडकलाय. फोन इथे फक्त वेळ बघायला चालतो, म्हणून तुझ्या पत्राची वाट बघायची माझी सवय गेलेली नाही.

तुझ्याकडे वाढणारी माझी लेक बारा वर्षांची झाली, म्हणून खालच्या गावात जाऊन सायकल घेतली. दुकानदार म्हातारा आणि भारी शिस्तीचा. मी वय सांगितलं तर म्हणाला, वय तुमच्याकडे ठेवा, पायाचं माप द्या. सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, तेवीसला वीस इंची चाकाचीच न्या, असा त्याचा हट्ट. मी त्याला म्हटलं, आम्ही शिंप्याची पोरं, आजच्या मापाचं काही घ्यायची आमच्यात पद्धत नाही. मी चौदा वर्षांचा होईपर्यंत बाबांनी शिवलेली प्रत्येक पँट मला पुढच्या वर्षी बसणार होती. तेव्हा चोवीसची घेतली. ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय.

आणखी एक. इथल्या डॉक्टरांना तुझ्या दोन वर्षांच्या पत्रांतली मापं दाखवली. वर्षाला दोन इंच म्हणजे अगदी नियमात आहे, उगाच तपासण्या करत बसू नका, असं ते म्हणाले. जिवावरचं ओझं उतरलं.

लोभ आहेच, तो पोरीबरोबर वाढू दे.

तुझा,
धाकटा

ता. १९ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

सायकल पोचली. ट्रकवाल्याने गोणपाट सोडलं आणि ज्या मुलीची आहे तिला बोलवा म्हणाला. मी मुंगीकडे बोट दाखवलं. त्याने तिच्यामागे पाहिलं, तिथे आणखी कुणी उभं आहे का म्हणून.

सीट तळापर्यंत उतरवली. बसवली. चवड्यांचं सोड, पाय पेडलपर्यंतही गेले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून ती थोडा वेळ बसून राहिली, फोटो काढायला बसवल्यासारखी. मग उतरवा म्हणाली.

आता हे शांतपणे वाच. मुंगी चार फूट चार नाही. ती बरोबर चार फूट आहे आणि दोन वर्षं तेवढीच आहे. आतली लांबी एकवीस. मुंगीची आई जाऊन चार महिने झाले होते तेव्हा मी पहिलं माप घेतलं. तिच्या आईने घेतलेल्या मापापेक्षा जराही पुढे नव्हतं. तुझं पत्र समोर होतं, त्यात एक ओळ धड नव्हती. मी अर्धा इंच वाढवून लिहिलं. वाटलं, पोर पुढच्या तिमाहीला भरून काढेल. तिने नाही काढलं, मग मीच काढत गेले. कागदावर तुझी लेक फार छान वाढली.

गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं तर मला पाठीमागून कळतं. अख्ख्या गल्लीची मापं माझ्या डोक्यात आहेत. आणि घरातल्या पोरीच्या शाळेच्या स्कर्टला तीन बोटं दुमड ठेवलेली, ती दोन वर्षांत उसवावी लागली नाही, हे मला दिसलं नाही असं म्हणू? दिसलं. दर महिन्याला इस्त्री मीच करते. शेजारणी म्हणाल्या, दांडीला लोंबकळायला लाव. तेही केलं. दांडी खाली आली.

तुझ्या डॉक्टरांचा मजकूर वाचला आणि मशीनवरचं काम बाजूला ठेवलं. माझ्या त्या आकड्यांवर कुणी निकाल देईल हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात नेलं. मनगटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरीण तरुण, बोलायला गोड. तिने दोन वर्षांच्या उंच्या विचारल्या, मी खऱ्या सांगितल्या. तिने पेन खाली ठेवलं. हाडांची टोकं जवळजवळ मिटली आहेत म्हणाली. तेव्हा आणली असती तर औषध होतं. आता फार तर एखादा इंच, तोही मिळेल असं धरून चालू नका.

माझ्यावर रागाव. समजूतदारपणा करू नकोस, तो मला सहन होणार नाही. लोभ मागायला आज तोंड नाही.

तुझी,
ताई

ता. १० जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

दोन पत्रं लिहून फाडली. त्यांत जे होतं ते तुला कळलंच असेल, पुन्हा लिहीत नाही. रागावलो आहे. किती दिवस ते मला माहीत नाही.

पण एक गोष्ट लपवून तुला एकटीला कोपऱ्यात उभं करणं बरोबर नाही. मागच्या रजेत मुंगीला खांद्यावर घेतलं होतं. आधीच्या रजेत तिच्या टाचा माझ्या छातीवर जिथे लागायच्या, तिथेच लागल्या. त्याच दिवशी तुझ्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. तारखा पाच, रेघ एकच, गिरवून गिरवून जाड झालेली. मी पाहिलं आणि चहा मागितला. खिशात तुझं पत्र होतं, त्यात ती वाढत होती. तुला खोटं लिहायचं होतं, मला ते वाचायचं होतं. दोघांचं छान जमलं. इथल्या डॉक्टरांकडेही मी विचारायला गेलो नव्हतो, काही झालेलं नाही असं म्हणवून घ्यायला गेलो होतो.

सायकल बदलून घेतो. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की या वेळी माप आणा. तेव्हा एकदा खरं माप पाठव. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, दोन पायांमध्ये पुस्तक वर घट्ट धरून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत. पुढच्या वर्षीचं नको, आजचं.

लोभ म्हणावा असं आज माझ्यापाशी काही नाही. तुझ्याकडे असेल तर सांभाळून ठेव.

तुझा,
धाकटा

ता. २२ जुलै

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

आतली लांबी पावणेएकवीस इंच. तीनदा मोजली. मागच्या पत्रात, सगळं कबूल करताना, मी एकवीस लिहिलं होतं. तिथेही पाव इंच वाढवायचं माझ्या हातून सुटलं नाही.

या खेपेला टेप मुंगीनेच धरला. मला फक्त आकडा वाचायला लावला आणि पत्र लिहिताना शेजारी उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं. मी दर वेळी टेप सरकवते हे ती दोन वर्षं बघत होती, आणि तुला बरं वाटावं म्हणून गप्प होती. म्हणजे या घरात ही लबाडी आपण दोघंच करत नव्हतो.

तिने बजावलंय की आत्याने आता स्वतःच्या मनाने काही वाढवायचं नाही, कारण मग सायकल मोठी येते. मोठी सायकल आज परत पाठवली. ट्रक वळेपर्यंत ती दारात उभी होती. नंतर आत आली, स्कर्ट काढून माझ्या मशीनवर ठेवला आणि आतली दुमड कापून टाक म्हणाली. तीन बोटं. मी कापली.

माझा लोभ आहे तेवढाच कळवते, वाढीव धरलेला नाही.

तुझी,
ताई