चाकांचं घर आणि बाईंची लिंबोणी

मुक्काम खर्ड्याच्या अलीकडची वाडी, जिल्हा अहमदनगर
ता. १४ एप्रिल १९४७

प्रभूमध्ये प्रिय वडीलबंधू याकोबराव यांसी शमुवेलचा सप्रेम सलाम.

आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, आणि वहिनींचा खोकला ज्येष्ठमधाने उतरला की सोलापूरच्या धुराने पुन्हा चढला, ते कळवावे. इकडे मी, दोन कुत्री, दोन बैल आणि बैलांचा मालक छगन असे सगळे सुखरूप आहोत. छगनचा माझ्यावर थोडा राग आहे, पण तो तब्येतीत धरायचा नसतो.

हे पत्र कृपा करून मोठ्याने वाचावं. आमची मंडळी, म्हणजे तुमची धाकटी बहीण मरिया, नाताळापासून तुमच्याकडे आहे, आणि पत्र आलं की ती नेमकी तांदूळ निवडायला शेजारी येऊन बसेल. 'मला काही ऐकायचं नाही' असं ती म्हणाली की ती ऐकते आहे असं समजा. फक्त कंस आला की आवाज उतरवा, कारण कंसातला मजकूर तुमच्यापुरता आहे. (तिचे कान तिखट आहेत, हे मला छत्तीस वर्षांपासून माहीत आहे.)

भांडणाचं मूळ तुम्ही तिच्या तोंडून ऐकलंच असेल, पण एकदा माझ्याकडूनही ऐका. मिशनच्या शाळांमधून माझ्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक गावी गेलो की तुमची बहीण आधी मोरीच्या सांडपाण्यावर लिंबोणीचं रोप लावायची आणि मग चूल मांडायची. लिंबोणीला फळ धरायला पाचसहा वर्षं लागतात, आणि बदलीचा हुकूम यायला चार. सातही गावांत तिच्या झाडांच्या लिंबांचं लोणचं लोकांनी घातलं, आणि आमच्या बरणीत कायम बाजारचं लिंबू. पेन्शनीत निघालो की एक घर, एक झाड आणि त्याच झाडाचं लोणचं, एवढंच तिने माझ्याकडे मागितलं होतं. मी हो म्हणालो होतो. (शपथेवर म्हणालो होतो. तिने ते तुम्हाला सांगितलं नसेल तर तो तिचा मोठेपणा.)

पण त्याच सुमारास शाळा तपासणाऱ्या मडमबाई कायमच्या अमेरिकेला निघाल्या आणि जाताना बोस्टन आणि लिली ही आपली दोन कुत्री आणि चित्रांच्या मासिकांचा एक गठ्ठा मला देऊन गेल्या. त्यांच्या मुलखाच्या ईशान्य कोपऱ्यात म्हणे वसंतात बर्फ वितळलं की लोक मोटारीला घर जोडतात, कुत्री आत घालतात आणि रानात, तळ्याकाठी नेमलेल्या तळांवर मुक्काम करत हिंडतात. एका चित्रात तळ्याकाठी घडीच्या दोन खुर्च्या होत्या. एकीत म्हातारा, दुसरीत म्हातारी, पायाशी कुत्रं, आणि दोघांना काहीही काम नाही. तुमच्या बहिणीला मी आयुष्यात कधी अशी रिकामी बसलेली पाहिलेली नाही. खरं सांगायचं तर मी त्या घराला भुललो नव्हतो, त्या दोन खुर्च्यांना भुललो होतो. हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी तिला चाकं किती इंची आहेत ते सांगत बसलो.

लढाई संपल्यावर नगरच्या लष्करातून टाकाऊ गाड्या निघाल्या, त्यातली जखमी वाहून न्यायची एक गाडी मी घेतली. आत दोन बाकं, खिडक्यांना पडदे, वर पाण्याची टाकी. घरी ओढून आणल्यावर कळलं की पुढच्या झाकणाखाली इंजिनच नाही. जाहिरातीत तसं स्वच्छ छापलं होतं. एकतीस वर्षं मुलांना 'नीट वाचा रे' म्हणून ओरडणाऱ्या माणसाने ते वाचलं नव्हतं. तुमची बहीण गाडीभोवती एकदा फिरली, कुत्र्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सात घरं झाली, पण ती जमिनीवर होती. चाकं असलेल्या घरात मी पाय ठेवणार नाही." दुसऱ्या दिवशी तिने सोलापूरची गाडी धरली. त्या गाडीलाही चाकं होती, हे बोलायचा मोह मी आवरला. (स्टेशनवर ती खिडकीतून मागे पाहील असं वाटलं होतं. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो.)

मीही हट्टाला पेटलो. पाडवा झाल्यावर छगनची बैलजोडी मोटारीला जुंपली आणि जिथे जिथे नोकरी केली त्या गावांचा फेरा काढला. पळस फुलले होते, कडुलिंबाला मोहोर होता, तळ्याचं पाणी तेवढं कुठे नव्हतं. मोटारीला बैल लावलेले पाहून पोरंच काय, म्हाताऱ्यासुद्धा वेशीपर्यंत पोचवायला येत. बोस्टन चालकाच्या जागेवर, गाडी वळवायच्या चाकाला पंजे लावून बसे. त्यामुळे गाडी कुत्रं हाकतं आणि मास्तर मागे बसतात, अशी बातमी आमच्या पुढे दोन गावं पोचलेली असे.

पहिला तळ घोडेगावला. सावली आणि पाणी जनावरांच्या बाजारातच, म्हणून तिथेच गाडी सोडली आणि मडमबाईंच्या चित्रात होत्या तशा दोन खुर्च्या मांडल्या. सकाळी एक भारदस्त गृहस्थ आले, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या उपरण्याखालून हात माझ्यापुढे केला. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यात रविवारची उपासना सुटली की देवळाबाहेर हात मिळवायची रीत. मीही प्रेमाने हात पुढे केला आणि पाची बोटांनी चांगला दाबला. त्यांनी दोन बोटं दाबली. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे, म्हणून मी पुन्हा पाची बोटं घट्ट धरून हलवली. त्यांनी मान डोलावली आणि बैलांचे कासरे सोडायला घेतले. घोडेगावच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा ठरतो, हे मला चार वर्षं तिथे शिकवून कळलं नव्हतं. मी बाजारात जात नसे. तुमची बहीण जायची.

छगन विहिरीवरून घागर घेऊन आला तो त्याची जोडी दुसऱ्याच्या हातात. ओरडला नाही. घागर खाली ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, तुमी माजं बैल इकलं." हे वाक्य त्याने त्या दिवसापासून रोज सकाळी एकदा म्हटलं आहे. मी त्या गृहस्थांना, म्हणजे काकासाहेब दलालांना, मिशनची हात मिळवायची रीत पहिल्यापासून समजावू लागलो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमी लिंबोणीवाल्या बाईंचं मालक न्हवं?" तापाच्या साथीत त्यांच्या आईला तुमच्या बहिणीने सात दिवस लिंबाचं पाणी पाजलं होतं म्हणे. सौदा तिथल्या तिथे मोडला. 'बाईंना सलाम सांगा' म्हणून मला चार वेळा बजावलं. तो सलाम या पत्रातून पोचवतो आहे. त्याच्यापुढच्या पाच गावांचेही पाच सलाम आहेत. कुठेही कोणी माझं नाव घेतलं नाही. एकतीस वर्षं शिकवलं मी, आणि लक्षात राहिली ती.

संध्याकाळी तळावर मी एका खुर्चीत बसायचो. दुसरीवर बोस्टन चढून बसायचा, त्याला उतरवायचो, तो पुन्हा चढायचा. शेवटी पाथर्डीच्या पुढे मी त्याला उतरवणं सोडलं. रिकाम्या खुर्चीपेक्षा कुत्रं बरं.

आता या वाडीची गोष्ट. इथला पोलीसपाटील गहिनीनाथ, माझ्याच हाताखालचा, बावीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. कुत्री आणि बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या, सरकारने जन्मतःच चोर ठरवलेल्या काही जमातींना कायद्याने गावात आलं की पाटलाकडे रोज हजेरी द्यावी लागते. आम्ही शिरलो तेव्हा चावडीपुढे तशीच ओळ लागली होती. गहिनीनाथाने आमची गाडी पाहिली, कुत्री पाहिली आणि मलाही ओळीत उभं केलं. मी त्याला ओळख दिली. तो म्हणाला की ओळखलं, वेशीवरच ओळखलं. "मास्तर, दोन वरीस तुमी माजी हजेरी घेतली. आता आमी घेतो." मग त्याने वही उघडली. तिच्यात चार शब्द चुकले होते, ते मी सुधारून दिले. त्याने ते निमूटपणे खोडले आणि मला 'हात बांधून उभं राहा' म्हणाला. (हे वाक्य माझंच आहे. मी ते रोज वापरत असे.)

माझ्यापुढे लंकाबाई म्हणून एक बाई होती. कडेवर एक, पदराला दोन, मागे नवरा, सासू आणि तीन कुत्री. तिने कुणाची सुईसुद्धा उचलली नसेल, पण जन्मल्यापासून हजेरी देते आहे. मुलांनी उशीर केला तर मी उन्हात उभं करत असे, ते मला त्या ओळीत उभं राहिल्यावर आठवलं आणि बरं वाटलं नाही. माझी पाळी आली. नाव, धंदा, कुत्री दोन, असं लिहून झाल्यावर गहिनीनाथ थांबला. "बाई कुठं हायेत?" मी म्हणालो, सोलापूरला. त्याने टाक उचलला, पुन्हा दौतीत ठेवला. तिच्या नावासमोर काय लिहायचं ते त्यालाही कळेना, मलाही. गैरहजर हा शब्द मी हजारो वेळा लिहिला आहे, याकोबराव. त्या दिवशी तो मला सांगता आला नाही.

लंकाबाई जायला निघाली होती, ती वळली. आमची गाडी, पडदे, दोन खुर्च्या सगळं तिने पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, आमी बी हिंडतो. पर समदी संगं हिंडतो. तुमी एकलंच कसं निघालं?"

 एवढं विचारून ती पोरं घेऊन निघून गेली.

मग गहिनीनाथ मला शाळेमागे घेऊन गेला. तिथे तुमच्या बहिणीने लावलेली लिंबोणी आहे. मी सोडून गेलो तेव्हा माझ्या खांद्याएवढी होती. आता तिच्याखाली दोन बैल बसतात. फांद्या लिंबांनी वाकल्या आहेत. गाव तिला 'बाईंची लिंबोणी' म्हणतं, आजाऱ्याला लिंबू लागलं की मागायचं नाही, तोडायचं, असा नियम आहे, आणि तो नियम बाईंनीच घालून दिला म्हणतात. मी एक लिंबू तोडून हुंगलं आणि तिथेच बसून राहिलो. मला तिची फार आठवण आली. कुत्री येऊन अंगाला टेकली. छगनने त्या दिवशी बैलांचं वाक्य म्हटलं नाही.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं पान बांधत जावं.

आपला,
शमुवेल

ता. क. : लिंबोणीशेजारची पडीक जागा गावाने मला राहायला दिली आहे. गाडी झाडाला लावून उभी केली आहे. मीठ आणलं आहे, बरणी धुऊन उन्हात ठेवली आहे, पण लोणच्यात मीठ किती ते मला माहीत नाही आणि कुणाला विचारायचंही नाही. गहिनीनाथाने वहीत तिच्या नावासमोरची जागा कोरी सोडली आहे. ती भरल्याशिवाय मला गाव सोडता येणार नाही असं तो म्हणतो. कायद्यात असं नसावं, पण मी वाद घातला नाही.

आणखी ता. क. : तिला सांगा, चाकं काढली. छगनने काढली, आणि बैलांचा राग म्हणून ती स्वतःच्या गाडीसाठी घेऊन गेला.

(हे अगदी हळू वाचा. तीनच काढली आहेत. चौथं मी मुद्दाम ठेवलं आहे. त्यामुळे घर एका अंगाला कललं आहे आणि दोन्ही कुत्री झोपेत घरंगळत माझ्यावर येतात. पण सगळंच तिच्या मनासारखं झालं असं कळलं, तर 'बरं झालं' म्हणून ती तिथेच तांदूळ निवडत बसेल. एक चाक अजून आहे म्हटल्यावर भांडायला का होईना, पण येईल.)