बावीस मुलांची नावं

आई, आज तुझ्या बायबलमधलं ते पाकीट उघडलं. बावीस फोटो, प्रत्येकामागे टाचणीनं लावलेली नावाची चिठ्ठी. टाचण्या गंजल्यात.

तू आणि अप्पा चर्चच्या लोकांबरोबर महिनाभरासाठी केनियाला निघाला होतात, तिथल्या अनाथ मुलांच्या वसतिगृहात सेवेला. मी दहा वर्षांची, भाऊ सहाचा. आम्हाला सप्तापुरात आत्याकडे ठेवायचं ठरलं होतं. जुन्या हुबळीतल्या आपल्या स्वयंपाकघरात तुझी तयारी चाललेली असायची. तू भाकरी थापतेस आणि मी समोर बसून एकेक फोटो धरते. रोज चार नवी मुलं. "थांब, सांगू नकोस," म्हणत तू नाव आठवतेस. चुकलीस की पिठाचाच हात कपाळावर मारून घेतेस. "पोर समोर आलं की नावानं हाक मारता आली पाहिजे बघ. त्यांना हाक मारणारं घरचं कोण आहे?" तारिहाळच्या कारखान्यातून आलेले अप्पा हात धुता धुता म्हणाले, "या दोघांची नावं तरी लक्षात आहेत का बाईसाहेबांच्या?" तू हसलीस. "ती कशाला पाठ करायची? घरचीच तर आहेत."

मला तर तू 'ए पोरी' म्हणूनच हाक मारायचीस.

त्या फोटोंत पिवळ्या स्वेटरची एक मुलगी होती, माझ्याएवढी. तिच्यासाठी तू फ्रॉक शिवत होतीस आणि माप माझ्या अंगावर घेत होतीस. "सरळ उभी राहा, तिचा खांदा वाकडा होईल." पाठांतरात तिची पाळी अजून आली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तू बाजारात गेलीस तेव्हा मी तिची चिठ्ठी पाळी न आलेल्याच दुसऱ्या एका मुलीच्या चिठ्ठीशी बदलली. मग रोज तिचा फोटो धरायचा, तू चुकीचं नाव सांगायचीस आणि मी म्हणायचे, "बरोबर."

परत आल्यावर तू आत्याला सांगत होतीस, "सगळी मुलं गळ्यात पडली, एक तेवढी जवळ येईना. तीन आठवडे मी तिला दुसरीच्याच नावानं हाक मारत होते गं. त्या दुसरीला हिच्या नावानं, पण ती हसून ओ द्यायची. हिला फ्रॉकसुद्धा त्याच चुकीच्या नावानं दिला. शेवटी तिथल्या बाईंनी सांगितलं." आत्या म्हणाली, "होतं गं. बावीस पोरं म्हणजे काय थोडी झाली?" मी दाराशीच होते.

त्या संध्याकाळपासून आपल्या प्रार्थनेत तिचं नाव पहिलं आलं. नंतर माझं, मग भावाचं. मी डोळे मिटून माझ्या नावाची वाट बघत बसायचे. शेवटच्या आजारपणात तुझा आवाज फुटत नव्हता, तरी आधी तिचंच नाव. सांगितलं असतं तर तू मला माफ केलं असतंस, हे मला माहीत होतं. पण तिच्याबद्दल तुला आणखी वाईट वाटलं असतं, हेही माहीत होतं. तेवढं मला सोसवलं नसतं.

आज दोन्ही चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या. हे पत्रही त्याच पाकिटात ठेवते. आता आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना मी घेते. तिचं नाव एक दिवस चुकवलेलं नाही.

फक्त आधी माझं घेते.