तिसऱ्या खोलीचा ब्लाइंड

सौ. नवसाबाई विहीणबाई यांना लताबाईचा सविनय जयभीम.

पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. व्याह्यांचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा निरोप द्या, तेल चोळून घेताना नुसतं कण्हायचं नसतं, पाय हलवायचाही असतो. तुम्ही दिलेले नागलीचे पापड संपले (सगळे मी खाल्ले नाहीत, जावईबापूंचाही हात त्यात होता). फोन का केला नाही म्हणाल, तर तुमच्या पेठच्या डोंगरात तो निम्माच ऐकू येतो आणि आमच्या दोन खोल्यांत तो सगळ्यांनाच ऐकू येतो. म्हणून हे पत्र. शेजारचा सहादू दुपारच्या एसटीने तिकडे येतोय, त्याच्याच हाती देते. त्याला चहा पाजाल, पण फार बसवून घेऊ नका. त्याच्या पोटात काही राहत नाही.

तेजलच्या कॉलेजजवळचा फ्लॅट ताब्यात मिळाला, हे तुम्हाला लेकीकडून कळलंच असेल. बुद्धपौर्णिमेला आमचा भूषण आणि ती तिकडे राहायला जाणार. मी इथेच, कॉलनीत. फ्लॅटला हॉल आहे, त्यांची झोपायची खोली आहे, आणि शिवाय एक तिसरी खोली आहे. ती कशासाठी, ते काही कोणी बोललेलं नाही. मीही विचारलं नाही. (फ्लॅट बुक केला त्या दिवशी पेढा तोंडात असतानाच मी जाहीर केलं होतं की मी कॉलनी सोडून कुठेही येणार नाही. बाई, पेढा तोंडात असताना माणसाने बोलू नये.)

तर खिडक्या. आपल्या पिढीने जुनी साडी फाडली, दोरी ओवली, झाला पडदा. आता तसं चालत नाही. आता ब्लाइंड लागतात. त्यात पट्टीपट्टीचे, गुंडाळणारे, बांबूच्या काड्यांचे असे प्रकार, आणि त्यांतून निवड करायची म्हणजे मुलगी बघायला जाण्यासारखं घरोघर हिंडायचं. तेजल मला आणि भूषणला घेऊन तिच्या कॉलेजातल्या एका सरांकडे गेली. त्यांचे ब्लाइंड फोनवर चालतात. आम्ही चहाचा कप उचलला आणि ते आपोआप वर गेले, कप ठेवला तर खाली आले. मला वाटलं, आपल्यालाच नमस्कार करतायत. मग सर म्हणाले, त्यांची मुलगी पुण्याला शिकते, तिला घरची आठवण आली की ती तिथून बटण दाबते. मला ते फार आवडलं. भूषण म्हणाला, वीज गेली की आठवणही बंद. (हा पोरगा वडिलांवर गेलाय.) त्याच इमारतीमागे इंजिनिअरिंगच्या पोरांच्या खोल्या आहेत. त्यांनी काचांना वर्तमानपत्रं चिकटवलीत, तीही उलटी. अहो, जगातला सगळा कॉम्प्युटर शिकतात आणि कागद सुलटा लावता येत नाही! मी खालून ओरडून सांगणार होते, पण तेजलने हात धरून ओढलं.

शेवटी द्वारका चौकातल्या वाल्मीकच्या दुकानात साधे गुंडाळायचे ब्लाइंड ठरले. तेजलला पेपर तपासायचे होते, म्हणून तयार झालेला माल बघायला मी एकटी गेले. मोजपट्टी पर्समध्ये घेतली. शाळेत शिकवताना मी मुलांची उंचीसुद्धा त्यांच्या सांगण्यावर कधी लिहिली नाही, दुकानदाराचं काय ऐकणार? हॉलचा बरोबर, झोपायच्या खोलीचा बरोबर, स्वयंपाकघराचाही बरोबर. पण चौथा एक निघाला, चांगला जाड, हिरवट रंगाचा, आणि त्याचं माप फ्लॅटच्या एकाही खिडकीला लागेना. नवा फ्लॅट मी इतका मोजलाय की झोपेत विचारा. मी वाल्मीकला धरलं. तो म्हणाला, "मावशी, माप मॅडमनीच दिलंय. मी काय घरून आणलं का?" मी म्हटलं, मॅडमनी ढीगभर पेपर तपासलेत, त्यात चुकलं असेल, हा नक्की तिसऱ्या खोलीचा आहे, काप! तो नको नको म्हणत होता. मी समोर स्टूल घेऊन बसले. बिचाऱ्याने वीतभर रुंदी कापली आणि मला लिंबूपाणी पाजलं.

घरी येऊन मी विजयी मुद्रेने सगळं सांगितलं. तेजल ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मग हळूच म्हणाली, "आई, तो तुमच्या खिडकीचा होता."

माझ्या, म्हणजे इथल्या. मोतीबिंदू काढल्यापासून दुपारी पश्चिमेचं ऊन डोळ्यांत जातं म्हणून मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसते. कोणाला बोलले नव्हते. पण तिने पाहिलं. मी विहारात गेले असताना गुपचूप माप घेतलं, ऊन अडवणारं कापड निवडलं. विहीणबाई, असली लेक तुम्ही कशी वाढवलीत हो? मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच घासली. पोरीच्या मायेने रडू येत होतं, आणि दुसऱ्या एका गोष्टीनेही येत होतं. माणूस इथेच राहणार असेल तरच ना त्याच्या खिडकीचं माप घेतात?

असो. मी अगदी मजेत आहे. कॉलनीत विहार आहे, शेजार आहे, भाजीवाली दारात येते. माझी काळजी करू नका, आणि व्याह्यांच्या गुडघ्याला शेक द्या.

आपली,
लताबाई

ता. क. १ : हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. रविवारी तेजलशी बोलाल तेव्हा सहज विचारा, तिसरी खोली कोणासाठी? आणि मग तितक्याच सहज म्हणा, सासूबाईंना एकदा विचारून तर बघ. माझं नाव घेऊ नका. तुमच्याच मनात आल्यासारखं म्हणा.

ता. क. २ : रविवारपर्यंत थांबू नका. सहादू दारात उभा आहे, घाईत लिहितेय. मघाशी तेजल नव्या घरी ब्लाइंड बसवून आली. तो हिरवा तिसऱ्या खोलीला तंतोतंत बसला म्हणे. ती माझ्या खुर्चीशी खाली बसली आणि म्हणाली, "तुमचा ब्लाइंड तिथे गेला, आता तुम्हीही चला ना आई. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, म्हणून परत विचारायचं धाडस होत नव्हतं." आणि विहीणबाई, माझ्या तोंडून काय निघावं? "कशाला उगीच, मी इथे बरी आहे." ती उठून गेली, भात लावतेय. पत्र मिळताक्षणी रस्त्यावर येऊन, टेकडीवर चढून, जिथे रेंज मिळेल तिथून तिला फोन करा. मी इथे बरी नाही, एवढंच सांगा.