चव्वेचाळीस नंबर आणि तिसरी चढाई

मसोली, डहाणू रोड
गुरुवार, सकाळची पाळी सुटल्यावर

श्री. सुनिलराव यांस भावोजी रविंद्र याचा नमस्कार, आणि घरातल्या थोरामोठ्यांना दंडवत.

(एरवी मी तुम्हाला ‘सुन्या’ आणि ‘तू’ म्हणतो. या पत्रात ‘सुनिलराव’ आणि ‘तुम्ही’ आहे. मजकूर लेखी आहे, म्हणून. दुसरे कारण शोधू नये.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? तुमची लेक रूपी बरी असेल. गंजाडला पहाटेचा गारठा अजून आहे असे कळते; आमच्याकडे समुद्रामुळे तो टिकत नाही. निलम तुमच्याकडेच आहे, त्यामुळे तिची तब्येत विचारत नाही. माहेरी ती नेहमीच बरी असते. रविवारी चारोटीच्या मैदानावर आमची मसोली आणि तळासरी यांची कबड्डीची फायनल आहे, आणि तुम्ही तळासरीकडून उतरणार असे बंदरावर जो तो बोलतो आहे. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. हे पत्र बर्फावरच्या हॉकीबद्दल आहे.

आता ही हॉकी माझ्या आयुष्यात कशी शिरली ते क्रमाने सांगतो, कारण लोक मधूनच सुरुवात करतात आणि मग गैरसमज होतात. माझ्या बहिणीचा सुरज कॅनडात गेला, तिथे एका स्टेडियममध्ये बर्फ गुळगुळीत करायचे मशीन चालवतो. मी त्याला फोनवर विचारले, मासळी किती येते. तो म्हणाला, मामा, हा बर्फ मासळीसाठी नाही, खेळायला आहे. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मी एवढी वर्षे मशीन ऑपरेटर आहे. नववीनंतर शाळा सुटली, पण अमोनियाचा कॉम्प्रेसर मी नुसत्या आवाजावरून शिकलो. बर्फाचा असा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता. जाडी विचारली, तर म्हणे इंच-सव्वा इंच. (आमची लादी उचलायला दोन माणसे लागतात. सव्वा इंच म्हणजे पापड.) तरी बर्फ तो बर्फ, आणि त्यातले आपल्याला कळलेच पाहिजे, म्हणून त्याला पूर्ण मॅची पाठवायला सांगितल्या. कारखान्याच्या ऑफिसातल्या टीव्हीवर मी आणि काकड्या त्या बघू लागलो. काकड्या म्हणजे आमचा टेम्पोवाला. तो बघायचा कमी आणि शंका जास्त काढायचा.

खेळ असा आहे. पायात पाती लावलेले लोक काठीने एक काळी रबरी चकती समोरच्याच्या जाळीत घालतात. मैदानाला दोन निळ्या रेषा, त्यामुळे तीन भाग होतात: आपला, मधला आणि समोरच्याचा. खेळ थांबला की पुन्हा सुरू करताना पंच दोघांच्या मध्ये चकती टाकतो आणि दोघे तिच्यावर तुटून पडतात. याला फेसऑफ म्हणतात. तो कोणत्या भागात होतो आणि त्या वेळी मैदानात कोण कोण उभे असते, याचा तक्ता तिकडे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे छापतात. मी दोन रविवार बसून स्वतःचा तक्ता केला. तो पहिल्यांदा चुकला, कारण डावी जाळी कायम एकाच टीमची असे मी धरले होते. आमच्या कारखान्यात बर्फ टाकीतून निघतो, मशीनवर फुटतो आणि बोटीत जातो. उलट जाताना मी तो कधी पाहिलेला नाही. खेळाच्या दुसऱ्या सत्रात गोलकीपर पलीकडे दिसला तेव्हा मला वाटले, पगारावरून भांडून टीम बदलली असणार. काकड्या म्हणाला, कबड्डीतपण बाजू बदलतात की. मी म्हटले, ते उन्हासाठी. छताखाली कसले ऊन? (मुद्दा अजूनही बिनतोड आहे, पण बाजू बदलतात हे खरे निघाले. तक्ता दुरुस्त केला.)

दुरुस्त तक्त्यात दोन माणसे उठून दिसली. नऊ नंबर बघावे तेव्हा समोरच्याच्या जाळीपाशी सुरुवात करायचा आणि गोल मारायचा. चव्वेचाळीस नंबर कायम आपल्याच जाळीसमोर, जेवणाच्या वेळेला चुलीपाशी घुटमळणाऱ्या माणसासारखा. तो मैदानात असला की गोलही आपल्यावरच व्हायचे. नऊ नंबर शूर आणि चव्वेचाळीस कामचुकार, असा निकाल मी दिला. काकड्यालाही तो पटला (त्याच वेळी मला शंका यायला हवी होती).

यानंतर मी हीच पद्धत आपल्या मसोलीच्या टीमला लावली. व्यवस्थापक मी असल्यामुळे तो माझा अधिकार होता. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद, हे तुम्हाला सांगायला नको. हे पत्र निलमही वाचेल. तिलाही सांगायला नको. तरी मुद्देसूद लिहितो. तक्त्यात रघ्याच्या चढाया दहातल्या सात यशस्वी निघाल्या आणि तुमच्या चारातली एक. मी तो तक्ता कारखान्याच्या भिंतीवर लावला, सगळ्यांदेखत वाचला आणि सेमीफायनलमधून तुम्हाला वगळले. नात्याचा विचार केला नाही, याबद्दल काही लोकांनी माझे कौतुकही केले (दोघांनी; त्यातला एक रघ्याचा बाप). तुम्ही जर्सीची घडी घालून बर्फ फोडायच्या मशीनवर ठेवली आणि निघून गेलात. घडी नीट होती, हे मी तेव्हाच मनात म्हटले होते.

घरी आल्यावर निलमने ताट वाढले आणि समोर बसली. आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळे मी बेसावध राहिलो. ती म्हणाली, “तुम्ही जन्मभर त्या टाकीपाशी वास घेत उभे राहता, आणि बोटींचे तांडेल शाबासकी देतात ती लादी बोटीत चढवणाऱ्याला. लादी पोकळ निघाली की शिव्या तुम्हाला. दुसऱ्या कुणाला नाही तर तुम्हाला तरी माझ्या भावाचं कळायला हवं होतं.” मी तिला तक्ता दाखवायला उठलो, तर ती बॅग भरायला उठली. सकाळच्या एसटीने ती गंजाडला आली. जाताना सांगून गेली, की ज्या घरात माणसाची किंमत टक्क्यांत काढतात तिथे ती परत येणार नाही. मिक्सरचे भांडेही नेले. मिक्सर इथेच आहे.

सेमीफायनल आम्ही जिंकलो. (समोरच्या टीमचा मुख्य खेळाडू वरातीत गेला होता, पण निकाल तो निकाल.) मात्र तिसऱ्या चढाईला रघ्याला पाठवले तेव्हा तो दर वेळी बाद झाला. एकदा तर पकड व्हायच्या आधीच खाली बसला. मी चक्रावलो आणि सुरजला फोन लावला. चव्वेचाळीस नंबरला तुमचे लोक हाकलत का नाहीत, असे विचारले. तो इतका हसला की मला फोन लांब धरावा लागला. मग त्याने जे सांगितले ते शब्दशः देतो, कारण या पत्राचा गाभा तोच आहे: “मामा, तो तिथे आपणहून जात नाही, त्याला कोच पाठवतो. आपल्या जाळीसमोर फेसऑफ असला की कोचला दुसऱ्या कुणाचा भरवसाच वाटत नाही.”

म्हणजे असे, की अडचणीच्या जागी ज्याला उभे करतात त्याचे आकडे वाईटच दिसणार. आणि नऊ नंबरला मऊ जागी उभे करतात, चकती समोरच्याच्या जाळीपाशीच असते, तर गोल मारणार नाही तर काय करणार? टक्केवारी माणूस कसा आहे हे सांगत नाही. कोचने त्याला कुठे वापरले तेवढेच सांगते. वर सुरज म्हणाला, त्या टक्केवारीत मधल्या भागातले फेसऑफ धरतच नाहीत. (हा तर सरळ अन्याय आहे. मधला भाग काय वाऱ्यावर सोडलाय?) आणि निम्म्याहून जास्त वेळा खेळाडू फेसऑफला मैदानात येतच नाहीत, खेळ चालू असताना कुंपणावरून उडी मारून एकमेकांच्या जागी येतात. त्याची नोंद या तक्त्यात नसते. म्हणजे मी ज्या तक्त्यासाठी दोन रविवार आणि बायको घालवली, तो अर्ध्याहून कमी खेळाचा होता.

फोन ठेवला आणि कबड्डीचा तक्ता पुन्हा काढला. या वेळी कोण चढाईला गेला एवढेच न बघता, कधी गेला तेही बघितले. रघ्या जातो तेव्हा समोर दोन-तीन माणसे उरलेली असतात आणि पहिल्या दोन चढायांपैकी कुठलीतरी असते. तुमची जवळजवळ प्रत्येक चढाई तिसरी आहे, आणि समोर भरलेले मैदान. तुम्हाला तिथे कोण पाठवायचा? आपला कॅप्टन. नुसती मान हलवतो तुमच्याकडे बघून. चारातली एक म्हणजे पंचवीस टक्के. पण त्या ठिकाणाहून बाकीच्यांचा मिळून एकही गुण नाही. पद्धत बरोबरच होती. वाचताना जागा बघायची राहिली, इतकेच. पद्धत मुळातच तिकडच्या तक्त्यावरून आली असल्याने याची काही जबाबदारी कॅनडावरही येते.

एकूण सांगायचे ते हे, की बर्फावरची हॉकी हा अभ्यास करण्यासारखा खेळ आहे. सवड मिळाली तर तुम्हीही बघा.

कळावे, लोभ आहेच. तो तसाच ठेवावा.

तुमचा भावोजी,
रविंद्र

ता. क. १ : तुमची मसोलीची जर्सी मी स्वतः धुऊन ठेवली आहे. रंग थोडा गेला, पण नंबर वाचता येतो. तळासरीने तुम्हाला घेतले ते नियमात बसते (तो नियम मीच लिहिला होता), पण फायनलच्या आदल्या दिवसापर्यंत मूळ टीमकडे परतताही येते, असे पुढचे कलम आहे. तेही मीच लिहिले आहे. तिसऱ्या चढाईला कोण जाणार हे कॅप्टन ठरवेल. भिंतीवरचा तक्ता काढला आहे.

ता. क. २ : काकड्याने पत्र वाचले (मी दिले नव्हते). तो म्हणतो तळासरीची जर्सी तुमच्या अंगाला नीट बसली आहे आणि तिच्यावरचा नंबर निलमने हाताने शिवला आहे. असे असेल तर वरचा ता. क. रद्द समजावा. तळासरीकडूनच खेळ. रघ्याला जपून पकड, त्याचे लग्न ठरते आहे. फायनल काय, पुढच्या वर्षी पुन्हा येते. पण सुन्या, मी आठ दिवस स्वतः भाकरी थापतो आहे आणि अजून एकही गोल झालेली नाही. निलमला हे सांगू नकोस. सांगितलेस तरी चालेल.

ता. क. ३ : पत्र टपालाने रविवारच्या आत पोचणार नाही असे दिसल्यावर ते काकड्याच्या टेम्पोतून पाठवायचे ठरले, आणि वाटेत त्याने ते भिजवले असते म्हणून मी बरोबर बसलो. हा मजकूर तुमच्या कुंपणाबाहेर उभा राहून लिहीत आहे. पत्र रूपीच्या हाती देतो. ती मला बघून हसते आहे, पण बसा म्हणालेली नाही. पत्र लांब झाले आहे हे आता उन्हात उभा राहिल्यावर लक्षात येते. पाहुण्याला पाणी विचारायची तुमच्या घरची रीत आहे, ती पाळशीलच. कोणाला पाठवायचे ते तुझ्या हातात आहे. रूपी पाणी घेऊन आली तर पिऊन मुकाट निघेन, टेम्पो चारोटीला जायला उभाच आहे. फक्त घाई करून रूपीला पाठवू नकोस. निलमला आधी विचार. मी थांबतो.