वस्तीचा खटका

४ मे
वडनेरला पोहोचलो. हायवेला लागून विजेच्या गाड्यांचं नवं चार्जिंग केंद्र, आणि मागे आम्हाला राहायला एक खोली. मालक प्रभाकररावांनी किल्ली हातात देतानाच सांगितलं की इथली लाइट जात नाही. ऐकून माझी बायको कोकिळा रडलीच. जिनिंगमध्ये इतकी वर्षं कापसाची धूळ ओढून तिची छाती कामातून गेली. ऑक्सिजनची मशीन बंद पडली की ओठ निळे होतात. गावी लाइट गेली की मी देवापुढे बसायचो, दुसरं काय करणार? संध्याकाळी खोलीतला दिवा लावला. दोघांनी त्याला हात जोडले. तिने जरा जास्तच वेळ जोडले.

७ मे
काम आवडलं. गाडी आली की चार्जिंगची गन लावायची, स्क्रीनवर आकडे चढताना पाहायचे. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडी गन सोडत नाही, आतून धरून ठेवते. लोक तोवर निंबाखाली बसतात, पाणी मागतात, कुठले काय विचारतात. मागच्या वस्तीतली सुमित्राबाई अंबाडीची भाजी घेऊन आली. तिचा नवरा तानबा, त्यालाही अशीच मशीन लागते. म्हणाली, "तुमची बाई अन् आमचा बुढा, दोघं एकाच दुकानाचे गिऱ्हाईक." कोकिळा हसता हसता खोकली.

१२ मे
ऊन फार. दुपारी दोन मोठ्या गाड्या एकदम लागल्या आणि खोलीतली मशीन कण्हायला लागली. मालकांना फोन केला. केंद्राची आणि वस्तीची लाइन एकाच डीपीवरून आहे आणि तिची खटक्यांची पेटी आमच्या कुंपणात. वस्तीचा खटका पाड, म्हणाले. मी तानबाचं नाव घेतलं. "अर्ध्या घंट्यात कोनी मरते काय बे गजेंद्र? त्याईले सवय हाय."
पाडला. मशीनचा सूर लगेच सरळ झाला. कोकिळेला झोप लागली. तिच्या उशाशी नाम घेत बसलो तर माझाही डोळा लागला. उठलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. वस्तीत अंधार होता. धावत जाऊन खटका वर केला.

१३ मे
तानबा गेला. सुमित्राबाई सुपाने वारा घालत राहिली होती, सूप फाटेपर्यंत. मी खांदा दिला. "लाइट गेलती, भाऊ. रोजचीच जाते," असं तीच मला समजावत होती. खटक्याचं कोकिळेलाही सांगितलं नाही.

१६ मे
स्क्रीनवर 'चार्जिंग चालू'. गाडी कुठे आहे? गन आपल्या जागी टांगलेली. मालक हसले. ऊन लागलं तुले, खिशात कांदा ठेवत जा, म्हणाले. पण तेवढा वेळ कोकिळेची मशीन मंद चालली.
पुन्हा वस्तीचा खटका पाडला. लाज वाटायला हवी होती. काही फरक पडला नाही. वर केला.

१८ मे
गनच्या तोंडाशी तळवा धरला. हवा आत ओढते. सोडते. खरखरत, म्हाताऱ्या माणसासारखं.
सुमित्राबाई आली, चेहरा उजळलेला. कोपऱ्यात ठेवलेली तानबाची मशीन चालून राह्यली म्हणे. पिन काढून मांडीवर घेतली, तरी चालून राह्यली. "नळीले कान लावला तं बुढा दम घेते, भाऊ."
कोकिळेचे ओठ —

१९ मे
कोकिळेला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं. ॲम्ब्युलन्स निघाली म्हणतात, येत नाही. एक गाडीवाला तयार झाला, पण त्याची बॅटरी संपलेली. गन लावली. स्क्रीन म्हणते, आधीची गाडी लागलेली आहे.

सुमित्राबाईच्या पायावर डोकं ठेवलं. सगळं सांगितलं, मालकांचा शब्दन् शब्द. ती हलली नाही. "मले मयतीतच समजलं. हाताले पेटीचं ग्रीस होतं तुमच्या." तानबाची मशीन बंद कर म्हणून विनवलं. "म्या कुठं चालू केली? त्याले सांगा." फाटकं सूप माझ्या हातात दिलं. दारातून म्हणाली, "अर्धा घंटाच, भाऊ."

संध्याकाळ
बल्ब लख्ख. पंखा फिरतो. फक्त तिची मशीन —

एका हाताने सूप हलवतो आहे. वारा फाटक्यातून निघून जातो. दुसऱ्या हाताने लिहितो, कारण नाम तोंडात येत नाही. आठवतच नाही —

बाहेर गन दम घेते. भरपूर. सावकाश.

वस्तीत दिवे लागले. कोकिळेने खिडकीतून पाहिले. हात जोडायला एक हात उचलला. दुसरा —