कडू चहा

अहो,

तुम्ही गाढ झोपला होतात, उठवावंसं वाटलं नाही. मी डॉक्टरांकडे जातेय.

आठवडाभर चहा कडू लागतो म्हणून तुम्ही दूधवाल्यावर डाफरताय. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. माझ्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, त्यांची पूड मी तुमच्या चहात घालत होते. ऑपरेशन करून बसवलेला नवा गुडघा सुजून लाल झाला, तरी तुम्ही डॉक्टरांचं नाव काढू देईनात. मला राहवलं नाही. चार दिवसांपूर्वी पाय टेकवेना, तेव्हा कुठे तुम्ही दवाखान्यात आलात.

काल डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात पू आहे, पण तपासणीत जंतू वाढतच नाहीत. कोणता जंतू ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नाही. त्यांनी विचारलं, "आधी कुठल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या होत्या का? त्यांनी जंतू दबतात, मग तपासणीत दिसत नाहीत." तुम्ही छातीठोकपणे नाही म्हणालात. मी शेजारी बसून पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

आज सगळं सांगून येते. बहुतेक पुन्हा सुई टोचून पाणी काढतील. तेव्हा माझा हात धरा, हवा तेवढा आवळा.

थर्मासमध्ये चहा आहे, आज नुसता. दूधवाला आला तर त्यालाही एक कप द्या. भांडायचंच असेल तर मी येईपर्यंत थांबा.

मीच