पट्टा ताणायला दुसरा माणूस

आवडी (चेन्नईजवळ), रविवार संध्याकाळ

सुधा माहेरी गेल्यापासून गाडी उभीच होती. आज इंजिनचा टायमिंग बेल्ट तपासला. दोन बोटांनी पिळला तर पाव वळसाच फिरायला हवा, हा जवळजवळ अर्धा फिरला. ताण वाढवताना पान्याने इंजिन हळूहळू फिरवायला दुसरं माणूस लागतं. ते काम सुधाचं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सेल्वमना बोलावलं. त्यांनी इंजिन फिरवलं, मी बेल्टला ताण देणारा टेन्शनर आवळला. पुन्हा पिळून पाहिला. पाव वळसा, बरोबर.

"कुठे निघालात, सार?" त्यांनी विचारलं.

"बायकोला आणायला," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

ते इतके खूश झाले, की चारही टायरांची हवा बघून गेले. सुधा दोन महिने माझा फोन उचलत नाही, हे त्यांना सांगवलं नाही.